भाटातली रानमोडी मारायचीय? फवारायच्या आधी एवढं बघा

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की भाटात, म्हणजे माड-काजूच्या बागेत, पाय ठेवायला जागा नसते. रानमोडीची झुडपं डोक्याच्या वर, कुंपणाला घाणेरीचं तण, आणि मग सगळे दुकानात जाऊन "तण मारायचं औषध द्या" म्हणतात.

आधी कोयता घ्या. जुन्या, जाड झुडपावर वरून कितीही मारा, ते परत मुळातून फुटतंच. बुंध्याशी कापायचं, हातभर नवी फूट येऊ द्यायची आणि फवारा त्या कोवळ्या पानांवर. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि मग तिचं बी वाऱ्यावर सगळीकडे जातं, म्हणून काम त्याआधी उरका. लाजाळू चार-दोन असेल तर जमीन ओली आहे तोवर मुळासकट उपटा ना, औषध कशाला.

औषध कुठलं? बहुतेकांना ग्लायफोसेट माहीत असतं, ते पानातून मुळापर्यंत जातं. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला, ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच मारून घ्यायचं. तेव्हा लायसन्सवाला माणूस बोलवा, आणि स्वतः बाजूला उभं राहून बघा, कारण घाई सगळ्यांनाच असते. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक मात्र घरात आणूच नका, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

वेळ सकाळची, दव सुकल्यावर. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की फवारा शेजाऱ्याच्या केळीवर, आणि केळ, पपई सहज करपतात. पुढचे सहा तास तरी पाऊस नको, ऑक्टोबरात गोव्यात सत्तरी तालुक्याकडे दुपारी गडगडाट होऊन सर येते ते लक्षात ठेवा.

पाणी स्वच्छ हवं. व्हाळातलं (ओढ्यातलं) गढूळ पाणी घातलं तर औषध त्या मातीलाच चिकटतं आणि पैसे पाण्यात. प्रमाण लेबलवर असेल तेवढंच, म्हणजे लिटरला १० मिली लिहिलं असेल तर १६ लिटरच्या पंपाला १६० मिली, "थोडं जास्त टाकू" नाही.

पंप आधी नुसत्या पाण्याने चालवून बघा. झाकणातून गळत असेल तर ते सगळं पाठीवरून खाली उतरतं आणि माणसाला कळतही नाही. रबरी बूट, हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्या, आणि पँट बुटाच्या आत नको, बाहेरून सोडा, नाहीतर ओघळ सरळ बुटात. नोझल चपट्या फवाऱ्याचं घ्यायचं, किडीला मारतो तसं धुकं नको. माडाजवळ, काजूच्या कोवळ्या झाडाजवळ नोझलभोवती कापलेली बाटली टोपीसारखी बसवा. पानं ओली व्हायला हवीत, पाणी टपकायला नको. बांव (विहीर), झर (झरा), व्हाळ यांच्या कडेला फवारणी नाहीच, तिथे कोयताच. भाटाला लागून जंगल असेल तर तिथलं तण तुमचं नाही, वन खात्याचं.

पोरं, कुत्री, गुरं लेबलवर सांगितलेल्या वेळेपर्यंत लांब. रिकाम्या बाटलीला भोकं पाडा, त्यात पाणी किंवा तेल भरणारे असतात, खरंच असतात. कोणाच्या डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा, पोटात गेलं तर उलटी काढायला जाऊ नका, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्या.

तीन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून परत मारू नका. पिवळं पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतर जिथे हिरवा कोंब दिसेल तेवढ्यालाच हात लावा, बाकी जागेवर झावळ्या पसरून टाका.