जोडीदाराचं ग्रीन कार्ड पेंडिंग असताना टॅक्स भरताय? या चुका टाळा

लग्न झालं, आय-१३० (जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज) भरला, रिसीट नोटीस आली आणि मग महिनोन्महिने काहीच हालचाल नाही. पण १५ एप्रिल काही त्यासाठी थांबत नाही, आणि मग अमेरिकेत एकटाच राहणारा नवरा टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडतो आणि पहिल्याच पानावर अडकतो, कारण बायको भारतात, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही आणि सॉफ्टवेअर नंबर टाकल्याशिवाय पुढेच जात नाही. (मी नवरा इकडे आणि बायको तिकडे असं धरून लिहितेय, उलट असेल तरी नियम तेच.)

लोक टॅक्स हे एक काम आणि इमिग्रेशन हे वेगळं काम समजतात. सीपीए (टॅक्स बघणारा अकाउंटंट) वेगळा, वकील वेगळा, एकाने काय केलं ते दुसऱ्याला माहीतच नसतं. पण जे रिटर्न आज आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) जातं तेच उद्या आय-८६४ ला (जोडीदाराच्या खर्चाची स्पॉन्सरने दिलेली हमी) जोडून व्हिसा ऑफिसरसमोर जातं आणि पुढे आय-७५१ (दोन वर्षांचं ग्रीन कार्ड कायमचं करायचा अर्ज) भरायची वेळ आली की परत बाहेर निघतं. त्यामुळे रिटर्न भरताना प्रत्येक वेळी बघायचं की हा कागद आपल्या इमिग्रेशनच्या फाइलशी जुळतोय का. जवळपास सगळ्या चुका तिथेच होतात.

"ती अजून आलीच नाही" म्हणून सिंगल टाकणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर आयआरएसच्या दृष्टीने तुम्ही ते पूर्ण वर्ष विवाहित, मग बायको भारतात असो नाहीतर लग्न २८ डिसेंबरला झालेलं असो. सिंगल हा पर्याय संपला. आता विचार करा, आय-१३० वर लग्नाची तारीख लिहिली आहे, मॅरेज सर्टिफिकेट जोडलंय, आणि त्याच वर्षाच्या रिटर्नवर तुम्ही सही करून सांगताय की मी अविवाहित आहे. हे इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? असं झालं असेल तर घाबरून बसू नका, १०४०-एक्स (भरलेलं रिटर्न बदलायचा फॉर्म) भरून दुरुस्त करा, जास्तीचा टॅक्स निघत असेल तर भरा आणि त्याची कॉपी फाइलमध्ये ठेवा. स्वतःहून आधीच दुरुस्त केलेली चूक समजावून सांगता येते, तिथे पकडली गेली तर बोलायला जागाच राहत नाही.

हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्यासाठीचा पर्याय) टाकायचा सल्ला पण मित्र-मंडळींकडून फार मिळतो. बायको नॉनरेसिडेंट (टॅक्सच्या दृष्टीने अमेरिकेची रहिवासी नसलेली) असेल तर काही वेळा ते बसतं, पण त्यासाठी तुमच्यावर अवलंबून असलेलं पात्र मूल किंवा नातेवाईक लागतं आणि बायको स्वतः त्यात धरली जात नाही. भारतात राहणारे आई-वडील पण नाहीत, कारण ते अमेरिकन नागरिक किंवा रहिवासी नसतील तर टॅक्ससाठी डिपेंडंट होत नाहीत, तुम्ही दर महिन्याला कितीही पैसे पाठवत असलात तरी.

जॉइंट की सेपरेट, हे फक्त रिफंड बघून ठरवणं

उरले दोन पर्याय, मॅरिड फाइलिंग जॉइंटली आणि मॅरिड फाइलिंग सेपरेटली. २०२५ च्या टॅक्स वर्षासाठी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरळ वजा होणारी ठरलेली रक्कम) जॉइंटला ३१,५०० डॉलर आणि सेपरेटला १५,७५० डॉलर, म्हणून सगळे डोळे झाकून जॉइंटकडे धावतात. पण बायको नॉनरेसिडेंट असताना जॉइंट भरायचं म्हणजे तिला टॅक्सपुरती अमेरिकेची रहिवासी धरा असं दोघांनी सही करून लेखी द्यावं लागतं, आणि एकदा ते दिलं की तिचं जगभरातलं उत्पन्न तुमच्या रिटर्नमध्ये येतं. तिचा भारतातला पगार, एफडीचं व्याज, घरभाडं, आणि पीपीएफचं व्याज पण, जे भारतात करमुक्त असलं तरी इथे मोजतात. पगारावर तिकडे टॅक्स कापलेला असतो त्याचं क्रेडिट फॉर्म १११६ ने मिळतं त्यामुळे तो भाग बऱ्याचदा निभावतो. खरी डोकेदुखी म्युच्युअल फंडांची. भारतीय म्युच्युअल फंड इथे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपन्या) मध्ये मोडतात, फॉर्म ८६२१ प्रत्येक फंडासाठी वेगळा, आणि तिच्या पाच-सहा एसआयपी चालू असतील तर सीपीएची फी वाचलेल्या टॅक्सच्या वर जाऊ शकते. आधी तिच्याकडून सगळी यादी मागवा आणि मगच ठरवा.

यात अजून एक गोष्ट हमखास चुकते. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे तिच्या फॉर्म १६ वरचा आकडा उचलून तसाच इथे टाकता येत नाही. आधीच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या आणि चालू आर्थिक वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढून बेरीज करावी लागते. तिने नोकरी सोडायच्या आधीच सगळ्या स्लिपा डाउनलोड करून घ्यायला सांगा, नंतर कंपनीचं लॉगिन बंद होतं आणि मग एचआरच्या मागे लागावं लागतं.

माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा पहिल्या वर्षी सेपरेट भरा. सेपरेट भरलेलं रिटर्न नंतर साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्सने जॉइंट करता येतं, पण जॉइंट भरून मुदत उलटली की ते परत सेपरेट होत नाही. शिवाय रहिवासी धरण्याचा तो पर्याय एकदा रद्द केला तर त्याच लग्नात परत घेता येत नाही. सेपरेट भरलं म्हणून लग्न खोटं वाटेल ही भीती फार जणांना असते. बायको परदेशात आहे, तिच्याकडे नंबर नाही, हे कारण ऑफिसरला कळतं, त्यांच्यासमोर असे अर्ज रोज येतात.

सेपरेट भरताना बायकोकडे कुठलाच नंबर नसेल आणि तिचं अमेरिकेत काही उत्पन्न नसेल तर तिच्या नंबरच्या जागी इंग्रजीत एनआरए (NRA, म्हणजे नॉनरेसिडेंट एलियन) लिहायचं असतं. काही सॉफ्टवेअर ते घेत नाहीत, मग प्रिंट काढून पोस्टाने पाठवा. कृपा करून शून्य-शून्य किंवा बनावट नंबर टाकून ई-फाइल ढकलू नका.

आयटिनसाठी ओरिजिनल पासपोर्ट पाठवून बसणं

जॉइंटच भरायचं ठरलं तर तिला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नसलेल्यांना आयआरएस देतं तो टॅक्सपुरता नंबर) लागतोच. आयटिनसाठी डब्ल्यू-७ फॉर्म टॅक्स रिटर्नच्या वर लावून टेक्ससमधल्या ऑस्टिनला पाठवायचा असतो, म्हणजे आधी रिटर्न ई-फाइल करून मग निवांत आयटिन मागू असं चालत नाही. सोबत ओरिजिनल पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या ऑफिसनेच सर्टिफाय केलेली कॉपी लागते. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स परत येते, हे दरवर्षी कोणाचं तरी होतं आणि सीझन वाया जातो.

आणि ओरिजिनल पाठवलात की दुसरा प्रश्न उभा राहतो. आयटिनला साधारण ७ आठवडे लागतात, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत किंवा अर्ज परदेशातून असेल तर ९ ते ११. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची केस सांगते. मार्चमध्ये तिने पासपोर्ट कुरिअर केला, नवऱ्याने डब्ल्यू-७ ला लावून पुढे पाठवला, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एनव्हीसीची (नॅशनल व्हिसा सेंटरची) ईमेल आली की मुंबई कॉन्सुलेटमध्ये मे महिन्यात इंटरव्ह्यू. पासपोर्ट ऑस्टिनमध्ये. पासपोर्टशिवाय मेडिकलला पण उभं करत नाहीत. नवरा रोज फोनवर तासन्‌तास होल्डवर, तिकडे सासू-सासरे काळजीत, शेवटी पासपोर्ट वेळेवर आला पण त्या तीन आठवड्यांत त्या मुलीची झोप उडाली होती. हे टाळायला सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट असतात, ते ओरिजिनल बघून खात्रीचा कागद देतात आणि पासपोर्ट तुमच्या हातात राहतो. असे एजंट भारतात पण आहेत, आयआरएसच्या वेबसाइटवर देशाप्रमाणे यादी मिळते. फी जाते पण द्या.

इंटरव्ह्यू अगदी जवळ आलेला असेल तर आयटिनच्या भानगडीत न पडता फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घेणं जास्त शहाणपणाचं. डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये सोशल सिक्युरिटी कार्ड हवंय असं टिक केलेलं असेल तर ती अमेरिकेत आल्यावर कार्ड घरी येतं आणि मग सरळ खऱ्या नंबरवर जॉइंट भरता येतं. मुदतवाढ कागद भरायला असते, पैसे भरायला नाही, त्यामुळे अंदाजे टॅक्स एप्रिलमध्येच भरून टाका. आणि आयटिन आधीच घेतलेला असेल तर नंबर आल्यावर आयटिन वापरणं बंद करून आयआरएसला पत्र पाठवून दोन्ही रेकॉर्ड एकत्र करायला सांगा, हे जवळजवळ कोणी करत नाही.

आय-८६४ वर जॉइंट रिटर्नचा आकडा तसाच उतरवणं

स्पॉन्सरचं उत्पन्न फेडरल पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या मर्यादेच्या) १२५ टक्के लागतं, २०२५ च्या गाइडलाइनप्रमाणे दोघांच्या घरासाठी वर्षाला २६,४३७ डॉलर, अलास्का आणि हवाईला जास्त, आणि आकडा दरवर्षी बदलतो. आता जॉइंट रिटर्नवर टोटल इन्कममध्ये बायकोचा भारतातला पगार मिसळलेला असतो, पण ती नोकरी सोडून येणार असेल तर तो पगार इथे धरत नाहीत. म्हणून स्वतःचा आकडा वेगळा काढा आणि स्वतःचा डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा कागद) जोडा, म्हणजे कोणाचं किती ते स्पष्ट दिसेल.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं. गाडी, फोन, घरातलं ऑफिस, सगळा खर्च दाखवून टॅक्स कमी केला की रिटर्नवर उरलेलं उत्पन्न पण कमी दिसतं आणि ऑफिसर तेच बघतो. मग जॉइंट स्पॉन्सर (तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस) शोधायची वेळ येते, आणि त्याची जबाबदारी तुमचा घटस्फोट झाला तरी सुटत नाही, त्यामुळे कोणाला सहज "फक्त सही कर" म्हणून सांगू नका, आधी नीट समजावून सांगा. स्वतःची बचत किंवा प्रॉपर्टी पण दाखवता येते, स्पॉन्सर अमेरिकन नागरिक असेल तर कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट, ग्रीन कार्डवाला असेल तर पाचपट.

रिटर्नच्या कॉपीपेक्षा आयआरएसचं टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट (त्यांच्या रेकॉर्डमधला रिटर्नचा उतारा) जोडा, ऑनलाइन फुकट मिळतं. १०४०-एक्स भरलं असेल तर ते बदल अकाउंट ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतात, म्हणून दोन्ही काढा.

पुराव्यासाठी भारतात जॉइंट अकाउंट उघडणं आणि एफबार विसरणं

लग्न खरं आहे हे दाखवायला वकील जॉइंट अकाउंट उघडायला सांगतात, बरोबरच आहे. पण वर्षात कुठल्याही एका दिवशी तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची मिळून बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली तर तुम्हाला एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो आणि जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम मोजतात, अर्धी नाही. सासऱ्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे त्याच खात्यात टाकले, चार दिवसांनी एफडीत फिरवले, तरी त्या चार दिवसांचा आकडा धरायचा आणि एफडी पण धरायची. हा फॉर्म टॅक्स रिटर्नसोबत जात नाही, फिनसेन या सरकारी संस्थेच्या साइटवर वेगळा भरतात. गंमत म्हणजे त्याच खात्याचं स्टेटमेंट तुम्ही स्वतःच यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) पुरावा म्हणून दिलेलं असतं.

नावं

पासपोर्टवर माहेरचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं, बँकेत मधलं नाव वडिलांचं आणि आधारवर नवऱ्याचं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. डब्ल्यू-७, टॅक्स रिटर्न, डीएस-२६० सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, अक्षर न अक्षर, आणि बाकीची नावं "इतर नावं" विचारतात तिथे द्या. पासपोर्टवरचं नाव बदलायचं असेल तर केस सुरू करायच्या आधी बदला किंवा ग्रीन कार्ड हातात आल्यावर, मधे नको. सर्टिफिकेट फक्त मराठीत असेल तर यूएससीआयएसला संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या प्रमाणपत्रासह.

जोडीदार अमेरिकेतच असेल आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) पेंडिंग असेल तर

वर्क परमिट यायच्या आधी काम नाही, घरी बसून भारतातल्या कंपनीचं ऑनलाइन काम पण वकिलाला विचारल्याशिवाय नाही. आयटिन म्हणजे कामाची परवानगी नव्हे. पण काही उत्पन्न झालंच असेल तर ते टॅक्समध्ये लपवू नका, एका अडचणीवर दुसरी चढते. आय-७६५ (वर्क परमिटचा अर्ज) भरताना सोशल सिक्युरिटी नंबर त्याच फॉर्ममध्ये मागता येतो, ते रकाने रिकामे सोडू नका. ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात नसताना देशाबाहेर गेलात तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, एच-१बी, एच-४ आणि एल व्हिसावाल्यांना सवलत आहे, बाकीच्यांनी घरचं कार्य असलं तरी आधी वकिलाला फोन करा.

घर बदलल्यावर एकाच ठिकाणी कळवणं

पोस्टात पत्ता बदलला म्हणजे झालं असं नाही. नागरिक नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने १० दिवसांच्या आत एआर-११ भरायचा, पेंडिंग केसचा पत्ता यूएससीआयएसच्या अकाउंटमध्ये बदलायचा, आयआरएसला फॉर्म ८८२२ वेगळा, केस एनव्हीसीकडे गेली असेल तर त्यांना वेगळं. आणि जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर स्पॉन्सरने घर बदललं की ३० दिवसांत आय-८६५. प्रत्येकाचं कन्फर्मेशन पीडीएफ करून त्या वर्षाच्या टॅक्सच्या फोल्डरमध्येच टाका, वकील आणि सीपीए दोघांनाही त्याच फोल्डरची लिंक द्या.