सी प्रोग्रामला *.सीएसव्ही दिलं, की फाइल्स कोण शोधतं?

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत लॅबमध्ये विंडोज आणि पोरांच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स), असा मामला असतो. मग घरी नीट चालणारा प्रोग्राम लॅबमध्ये ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो.

समजा, फोल्डरमध्ये कोथरूड, कात्रज आणि हडपसर अशा तीन सीएसव्ही फाइल्स आहेत. उबुंटूवर *.सीएसव्ही दिलं, की तारा (*) उलगडण्याचं, म्हणजे तिच्या जागी जुळणाऱ्या फाइल्सची नावं भरण्याचं काम बॅश (कमांड घेणारा शेल) करतो. तुमच्या मेनला आर्गसी (प्रोग्रामला दिलेल्या शब्दांची संख्या) 4 मिळतो (प्रोग्रामचं नाव धरून). विंडोजचा सीएमडी (तिथला कमांड शेल) मात्र मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतो. आर्गसी 2, आणि फाइल उघडणारं एफओपन बिचारं ‘*.सीएसव्ही’ याच नावाची फाइल शोधत बसतं.

व्हिज्युअल सीमध्ये (मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर) उपाय फुकटात आहे: लिंक करताना सेटआर्गव्ही डॉट ओबीजे जोडा, मग तारा तीच उलगडते. डब्ल्यूमेन (मेनचं युनिकोड रूप) वापरत असाल तर डब्ल्यूसेटआर्गव्ही. स्वतः फाइंडफर्स्टफाइलचा (विंडोजचं फाइल शोधणारं फंक्शन) लूप लिहायची हौस असेल तर लिहा, पण उगाच कशाला?

आणि हो, उबुंटूवरही गाफील राहू नका. एकही फाइल जुळली नाही, तर बॅशही तारा तशीच पाठवतो. एफओपनने नल दिला का, म्हणजे फाइल उघडलीच नाही का, हे तपासाच. नमुना मुद्दाम न उलगडता हवा असेल, तर तो अवतरणचिन्हांत द्या आणि प्रोग्रामच्या आत तो उलगडायला ग्लॉब फंक्शन वापरा.