एसी आणि डीसी यांच्या उष्णतेची तुलना कशी करावी

प्रत्यावर्ती धारा (एसी) सतत दिशा बदलते, मग तिने निर्माण होणारी उष्णता एकाच दिशेने वाहणाऱ्या दिष्ट धारेपेक्षा (डीसी) कमी असते का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असते आणि ऋण संख्येचा वर्गही धनच येतो. त्यामुळे धारा उलटली तरी तार तापतच राहते. फक्त किती धारेची किती धारेशी तुलना करायची, एवढेच नीट ठरवावे लागते.

प्रयोगासाठी ६ ओहम रोधाचे नायक्रोमचे वेटोळे घ्यावे, कारण तापल्यावर नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही. ते कॅलरीमापीतील, म्हणजे उष्णता मोजण्याच्या भांड्यातील, २०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण बुडवावे. नळाचे पाणी घेतल्यास डीसी चालू असताना उघड्या तारेच्या टोकांशी विद्युत अपघटनाचे बारीक बुडबुडे सुटतात, म्हणजे थोडी धारा तारेऐवजी पाण्यातून जाते आणि तुलना बिघडते. एसीसाठी १२ व्होल्टचा आणि किमान ३ अँपिअर क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरावा. घरातील वीजपुरवठ्याला वेटोळे थेट कधीही जोडू नये.

पाणी खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे ४ अंश थंड असताना सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या निम्म्या वेळात बाहेरून आत आलेली उष्णता दुसऱ्या निम्म्या वेळात बाहेर जाणाऱ्या उष्णतेची बऱ्याच अंशी भरपाई करते. वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट डीसी मिळेल असे पाहून ५ मिनिटे धारा सोडावी. २४ वॅटने ७२०० ज्यूल उष्णता मिळते आणि हिशेबाने पाणी सुमारे ८.६ अंशांनी तापायला हवे. भांडे आणि ढवळणीही थोडी उष्णता घेत असल्याने प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी दिसेल. वेटोळ्यावरून गरम पाण्याच्या थरथरत्या रेषा वर चढताना दिसतात, म्हणून सतत ढवळावे, नाहीतर थर्मामीटर फक्त वरच्या थराचे तापमान सांगेल. नंतर तेच वेटोळे, तितकेच पाणी आणि तेच आरंभीचे तापमान ठेवून एसीवर प्रयोग पुन्हा करावा.

आता कळीचा मुद्दा. एसीचा मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि पाणीही तेवढेच तापते, पण एवढ्याने माझे समाधान होत नाही, कारण मीटरवरील आकडे मुळात उष्णतेच्या समानतेवरच बेतलेले असतात. म्हणून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर, शिखर मूल्य (तरंगाचे सर्वांत जास्त व्होल्टेज) स्वतंत्रपणे मोजावे. ते सुमारे १७ व्होल्ट भरते. ज्यावक्री (साइन) तरंगाच्या वर्गाची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी असते, म्हणून शिखराला २ च्या वर्गमुळाने भागले की १२ व्होल्ट मिळतात, आणि १२ व्होल्ट डीसीइतकीच उष्णता मिळाल्याने हा भागाकार पाण्यातच तपासला जातो.

विभवांतर (व्होल्टेज) नेहमी वेटोळ्याच्या टोकांशीच मोजावे, कारण जोडतारांमध्येही थोडे विभवांतर खर्च होते. व्होल्टेजमधील १ टक्क्याची चूक उष्णतेत सुमारे २ टक्के होऊन उतरते.

पुष्कळांची फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. त्याच ट्रान्सफॉर्मरला पूर्णतरंगी दिष्टकारक, म्हणजे एसीचे दोन्ही अर्धतरंग एकाच दिशेला वळवणारी डायोडची जोडणी, जोडला आणि धारा गुळगुळीत करणारा कपॅसिटर लावला नाही, तर डायोडमध्ये खर्च होणारे थोडे व्होल्टेज सोडून दिल्यास डीसी मीटर सरासरी, म्हणजे सुमारे १०.८ व्होल्ट, दाखवतो. १०.८ व्होल्ट स्थिर डीसीने १९.४ वॅट मिळतील, पण या उसळत्या धारेने वेटोळे २४ वॅटच देते. इथे मीटर बिघडलेला नसतो. तो सरासरी सांगतो आणि आपण उष्णता विचारत असतो. डिमरने (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या बटणाने) कापलेल्या तरंगावर साधा एसी मीटरही असाच चुकतो, कारण त्याचे आकडे शुद्ध ज्यावक्र गृहीत धरून आखलेले असतात. अशा तरंगांसाठी खरे वर्ग-माध्य-मूळ मूल्य (आरएमएस), म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, मोजणारा मीटर घ्यावा, आणि तो हाताशी नसेल तर पाण्याच्या तापमानवाढीवरूनच ते मूल्य काढावे.