कापडी डायपर गळतो, अमोनियाचा वास येतो: माझा अनुभव

लेक सात महिन्यांची. तोवर बिनतक्रार चाललेले कापडी डायपर अचानक तासाभरात मांड्यांकडून गळायला लागले. धुऊन वाळवले की वास नाही, पण तिने शू केली रे केली की डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा भपका.

आधी धुण्याची पावडर वाढवली, मग जंतुनाशक, मग कंडिशनर. दरवेळी जास्तच बिघडलं. ‘आमच्या लंगोटांना नव्हते हो असले चोचले,’ हे आईकडून ऐकलं ते वेगळंच.

शेवटी कोरड्या इन्सर्टवर, म्हणजे डायपरच्या कव्हरमध्ये घालायच्या शोषक घडीवर, चमचाभर पाणी ओतलं. अळूच्या पानावर राहावेत तसे थेंब वरच! कापड पाणी पीतच नव्हतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यातले क्षार, साबण आणि कंडिशनर यांचा थर धाग्यांवर बसला होता.

धुतलेले इन्सर्ट कव्हरमधून काढले. (कव्हर या गरम पाण्यात घालू नका, आतलं पाणी अडवणारं लॅमिनेशन सुटू शकतं.) १० लिटर पाणी, साधारण ६० अंश. त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, पूर्ण विरघळवला, हातमोजे घालूनच. चार तास भिजत ठेवलं, मधूनमधून काठीने ढवळलं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. मग मशीनमध्ये साबणाशिवाय गरम पाण्याचे तीन फेरे, फेस दिसेनासा होईपर्यंत. नंतर कडक ऊन.

पुन्हा चमचाभर पाणी ओतलं. क्षणात जिरलं.

कंडिशनर आता बंद. रात्रीचा डायपर सकाळी आधी साध्या पाण्यातून खळबळून काढते, मगच बादलीत.