उचलेगिरी टिपणवहीतच सुरू होते

शोधनिबंधातली उचलेगिरी अनेकदा मुद्दाम केलेली नसते. वाचताना एखादं वाक्य आवडतं, आपण ते जसंच्या तसं टिपून ठेवतो आणि 2 महिन्यांनी ते आपलंच वाटू लागतं. म्हणून टिपण काढतानाच शब्दशः घेतलेल्या मजकुराला अवतरणचिन्हं द्या आणि शेजारी लेखक, वर्ष, पान क्रमांक लिहा. त्याच क्षणी लिहा, नंतर पान सापडत नाही.

दुसरी चूक शब्द बदलण्याची. मूळ वाक्य समजा असं आहे : ‘शहरांच्या वाढीमुळे भूजलाची पातळी झपाट्याने खालावत आहे.’ त्याचं ‘नगरांच्या विस्तारामुळे जमिनीखालच्या पाण्याचा स्तर वेगाने घसरतो आहे’ असं केलं, तर सांगाडा तोच राहतो. हीसुद्धा उचलच, खाली संदर्भ दिला तरी! मूळ पान मिटा, मुद्दा कुणाला तरी समजावून सांगतोय असं समजून लिहा, मग पुन्हा उघडून ताडून पाहा. मांडणी तुमची झाली तरी कल्पना मूळ लेखकाचीच आहे, तेव्हा संदर्भ हवाच.

स्वतःचा जुना छापील मजकूर वापरतानाही त्याचा उल्लेख करा. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींना, उदाहरणार्थ पृथ्वी सूर्याभोवती फिरते, संदर्भ लागत नाही. शंका आली, तर मात्र द्या.