वढवाणा तलावावर पक्षी पाहायला जाताना

बडोद्याहून डभोईमार्गे सुमारे 50 किलोमीटरवर असलेला वढवाणा तलाव तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि 2021 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. मध्य आशियातून येणारे अनेक पक्षी हिवाळा येथे काढतात, म्हणून नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ भेटीसाठी उत्तम. प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्याव्यात.

बडोद्यातून उजाडण्यापूर्वी निघावे, कारण पट्टकादंब हे रानटी हंस रात्री आणि पहाटे आसपासच्या शेतांत चरतात व ऊन चढू लागले की थव्याथव्याने पाण्यावर विसाव्याला परततात. पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून ते सहज ओळखता येतात. हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी आपल्या शिवारात उतरताना पाहणे, माझ्या मते, या भेटीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यानंतर पाण्यावरील बदकांकडे वळावे: लाल चोचीची मोठी लालसरी, रुंद चोचीचा थापट्या, आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेला काळा चांदवा, ज्याला आपण बदक समजतो, पण जो पाणकोंबडीच्या कुळातला आहे.

काठाने सतत चालत राहण्यापेक्षा सूर्य पाठीशी येईल अशी एक जागा निवडून तासभर बसावे. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना उंचावल्या, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून शांतपणे मागे सरावे. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडवणे हा मला अक्षम्य प्रकार वाटतो, कारण परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते. त्याच कारणाने ड्रोन आणि मोबाइलवर वाजवलेले पक्ष्यांचे आवाज कटाक्षाने टाळावेत; पाण्यात खाद्यपदार्थही टाकू नयेत.

8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी होते; पण पैलतीरावरील बदकांसाठी ट्रायपॉडवरील स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण) असल्यास अधिक चांगले. फिकट मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी आणि जेवणाचा डबा बरोबर असावा. शेताच्या बांधावरून जायचे असल्यास आधी तेथील शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. पाहिलेल्या पक्ष्यांची नावे व अंदाजे संख्या जागीच वहीत टिपावी आणि घरी आल्यावर ती यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी; ओळख पटली नसेल, तर तर्काने नाव लिहिण्याऐवजी नुसते ‘बदक’ असे नोंदवलेले बरे.