स्ट्रीमर मागवण्याआधी घरात काय काय बघून ठेवायचं

सगळ्यात आधी ॲम्प्लिफायर पुढे ओढा आणि त्याची पाठ बघा. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घरी आहे तो अण्णांनी घेतलेला, पस्तीस वर्षांचा. त्याच्या मागे काय आहे हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून किंवा लॅन केबलवरून गाणं घेऊन ते ॲम्प्लिफायरला देणारी डबी, त्यामुळे तिला जोडायला मागे जागा रिकामी हवी. ऑक्स, टेप, ट्यूनर, सीडी, यांपैकी लाल-पांढऱ्या सॉकेटची एक जोडी मोकळी असली की काम झालं. ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीत मात्र लावू नका. ती तबकडीच्या सुईतून येणारा अगदी क्षीण सिग्नल कितीतरी पटींनी वाढवण्यासाठी असते, शिवाय खालचे स्वर उचलते आणि वरचे दाबते. स्ट्रीमरमधून साधारण दोन व्होल्टपर्यंत सिग्नल येतो, तो तिथे गेला की आवाज फाटतो. आम्ही पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं आणि अर्धा तास नवी वस्तूच खराब निघाली असं धरून चाललो. काही जुन्या यंत्रांना लाल-पांढऱ्याऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. तसं असेल तर डिन ते आरसीए (म्हणजे लाल-पांढऱ्या पिनांची) केबल आधीच आणून ठेवा.

मग आठवडाभर काहीही विकत न घेता ऐका. घरातला एखादा जुना फोन, हेडफोनचं भोक असलेला, किंवा लॅपटॉप त्याच सॉकेटला साध्या केबलने जोडा. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होते का, एक स्पीकर मधेच गप्प होतो का, हे इथेच कळतं. तसं असेल तर पैसे आधी रिपेअरवाल्याकडे जायला हवेत. नॉबमध्ये साठलेली धूळ कुठलाही स्ट्रीमर काढू शकत नाही.

आता भिंती. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन फूट जाड आहेत आणि राउटर बहुतेक घरांत दारापाशी, जिथे फायबरवाल्याने ठोकला तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असतो पण भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ जास्त लांब पोचतो. फोन हातात धरून खोलीच्या मध्यावर उभं राहून तपासू नका. डबी जिथे बसणार आहे तिथे, त्याच फडताळात फोन ठेवा, दार लावा, आणि रात्री नऊला, घरातले सगळे आपापले व्हिडिओ बघत असताना तासभर गाणं वाजवा. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा असतो, फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता आकुंचित केलेल्या फाइलीत, तो आणखी कमी होतो, म्हणजे फार वेग लागत नाही. लागतो तो सलगपणा. तासात दोनदा जरी अडलं तरी लॅन केबल ओढायची तयारी ठेवा, आणि मग लॅनचं सॉकेट असलेलीच डबी बघा. विम कंपनीची स्वस्तातली डबी, विम मिनी, छान आहे पण तिला ते सॉकेट नाही, विम प्रोला आहे. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं असेल तर फोन आणि डबी दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत ना, तेही बघा. नाहीतर फोनला डबी दिसतच नाही.

तुम्ही ऐकता काय, हे मात्र सावकाश लिहून काढा, कारण खरी निवड त्यावरच ठरते. आमच्याकडे अण्णांच्या कॅसेटवरून संगणकात उतरवलेल्या मैफली आहेत, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची रेकॉर्डिंगं आहेत, आणि आत्याला दुपारी रेडिओ हवा असतो. मैफलीच्या फाइलींचे उतरवताना तुकडे झालेले आहेत: बडा ख्याल एका फाइलीत, छोटा पुढच्या. स्ट्रीमर फाइल बदलताना अर्धा सेकंद जरी थांबला तरी तानपुरा तुटतो, आणि तो तुटला की बैठक मोडल्यासारखं वाटतं. असं न थांबता एका फाइलीतून दुसरीत जाण्याला गॅपलेस म्हणतात. स्पेसिफिकेशनमध्ये शब्द छापलेला असतो, पण एखादं यंत्र स्पॉटिफायवर गॅपलेस असतं आणि घरच्या सर्व्हरवरून डीएलएनएने (घरातल्या संगणकावरच्या फाइली नेटवर्कवरून वाजवायची पद्धत) वाजवताना नसतं. म्हणून विकणाऱ्याला नेमकं विचारा: माझ्याच फाइली, लागोपाठ, खंड न पडता वाजतील का?

त्या फाइली डबीपर्यंत पोचणार कशा हेही आधीच ठरवा. विम मिनी आणि प्रोचं यूएसबी फक्त वीज घ्यायला आहे, त्यात पेनड्राइव्ह चालत नाही. मग राउटरच्या यूएसबीला हार्डडिस्क किंवा घरात कायम चालू राहील असा एखादा जुना संगणक लागतो. फाइलींवर नावं घालायचं काम आत्ताच सुरू करा. या ॲपना कलाकार आणि अल्बम कळतात, राग कळत नाही. मी राग ‘संगीतकार’च्या रकान्यात लिहितो, म्हणजे यमन शोधला की सगळे यमन एका खाली एक येतात. देवनागरी नावं नीट दिसतात का ते दोन-चार फाइलींवर करून बघा, मग बाकीच्यांना हात घाला. आत्यासाठी आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी आहे, २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत. ती रेडिओच्या यादीत सापडते का, किंवा तिचा पत्ता हाताने घालता येतो का, हे विचारा.

चोवीस बिट आणि १९२ किलोहर्ट्झसाठी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आकड्यांसाठी, वेगळे पैसे मोजू नका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला किंवा घरच्या कॅसेटला सीडीचा दर्जा पुरून उरतो.

घरात फोन कोणते आहेत ते मोजा. फोनवरून डबीवर गाणं लावायची सोय म्हणून आयफोन असतील तर एअरप्ले, अँड्रॉइड असतील तर गूगल कास्ट डबीत हवं. मिनीत एअरप्ले आहे, कास्ट नाही. फक्त ब्लूटूथवर भागवू नका. त्यात गाणं फोनमधून जातं, म्हणून फोन आला की गाणं थांबतं. कास्टमध्ये किंवा स्पॉटिफाय कनेक्टमध्ये डबी गाणं स्वतः नेटवरून घेते आणि फोन नुसता रिमोट होतो. परदेशी परीक्षणांत ज्या सेवांची स्तुती वाचाल, त्या भारतात घेता येतात का हे पैसे भरण्याआधी बघा.

आणि ज्याला फोन हाताळायचा नाही त्याचं काय? आत्याचं वय एक्याऐंशी आहे. तिला ॲप नको, बटण हवं. म्हणून रिमोट मिळतो का, आणि त्याच्या एका बटणावर एक वाहिनी कायमची बसवता येते का, हे माझ्या यादीत आवाजाच्याही वर होतं. घरात गाणं सगळ्यात जास्त जिला लागतं तिलाच ते दुसऱ्याकडून लावून घ्यावं लागावं, हे मला पटत नाही.

वस्तू किती वर्षं चालेल याचाही विचार करा. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला, स्वस्त आणि सुरेख होता, २०१९ मध्ये बंद झाला. स्क्वीझबॉक्स हा जुना स्ट्रीमर २०१२ मध्ये थांबला, पण त्याचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलं आणि ते आता लिरियन नावाने चालतं. म्हणून मी डीएलएनएसारखा खुला रस्ता असलेलीच डबी घेईन. घरात कोणी हौशी भाचा-पुतण्या असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर डॅकचं, म्हणजे डिजिटल फाइलीचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं, कार्ड हाही चांगला मार्ग आहे. फक्त तो भाचा शिकायला पुण्याला गेल्यावर कोण बघणार, तेवढं आधी ठरवा.

विजेचं थोडक्यात. राउटरला छोटा यूपीएस लावा, डबीला स्टॅबिलायझरवरचं सॉकेट द्या, आणि मे महिन्यात तापणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर डबी ठेवू नका.

बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटी भारतातली आहे ना ते बघा, आणि परतीचे दिवस कॅलेंडरवर लिहा. त्या दिवसांत तीन गोष्टी करा. सर्वांत लांब मैफल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. मधेच मेन स्विच बंद करून पुन्हा लावा, आणि डबी आपोआप नेटवर्कवर येते का बघा. मग रिमोट आत्याच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जाऊन थांबा.